वैयक्तिक शिक्षण आराखडा : अमेरिकेतील कायदा, न्यायनिवाडे आणि आपल्याकडील वर्गाध्यापन

प्रस्तावना :

विशेष शैक्षणिक गरजा असणारे मूल सर्वसाधारण शाळेच्या पटावर आले म्हणजे त्याचे शिक्षण सुरू झाले असे होत नाही. पटनोंदणी ही एक बाब आहे. त्या मुलाने वर्षभरात नेमके काय शिकावे, ते कोणी शिकवावे, आठवड्यातून किती वेळ, कोणत्या साधनाने, आणि ते मूल शिकले किंवा नाही हे कशावरून ओळखावे, हे लिहून ठेवणे ही सर्वस्वी दुसरी बाब आहे. या दुसऱ्या बाबीसाठी जगातील अनेक देशांनी लेखी दस्तऐवजाची पद्धत स्वीकारली. तिचे सर्वांत जुने व सर्वाधिक अभ्यासले गेलेले रूप म्हणजे अमेरिकेतील 'वैयक्तिक शिक्षण आराखडा' होय. आपल्याकडे तो 'आय.ई.पी.' या आद्याक्षरांनीच अधिक ओळखला जातो.

बी.एड. व डी.एल.एड. अभ्यासक्रमांत समावेशित शिक्षणाच्या घटकाखाली हा विषय शिकविला जातो. आराखड्याचे घटक सांगा, त्याचे फायदे स्पष्ट करा, अशा स्वरूपाचे प्रश्न अध्यापक महाविद्यालयांना अपरिचित नाहीत. तथापि या घटकांच्या यादीमागे पालकांनी लढविलेले खटले, संसदीय कायदा आणि सर्वोच्च न्यायालयाने दोन वेळा केलेला अर्थनिर्णय उभा आहे, हे यादी पाठ करताना नजरेआड होते. प्रस्तुत लेखात त्या आराखड्याची जडणघडण, त्यातील उद्दिष्टलेखनाचे मर्म, 'योग्य शिक्षण' या शब्दप्रयोगावरून झालेला वाद आणि भारतीय कायद्याची या संदर्भातील स्थिती यांचे विवेचन केले आहे.

कायद्याची पार्श्वभूमी :

१९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत अमेरिकेतील कित्येक राज्यांत शाळांना दिव्यांग मुलास प्रवेश नाकारण्याची कायदेशीर मुभा होती. 'या मुलास शिक्षणाचा लाभ होणार नाही' एवढा शेरा त्यासाठी पुरेसा ठरत असे. या व्यवस्थेस पहिला हादरा न्यायालयांतून बसला. पेनसिल्व्हेनिया राज्यात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालक संघटनेने दाखल केलेला दावा आणि राजधानी वॉशिंग्टन येथील 'मिल्स' खटला, या दोहोंचा निकाल १९७२ पर्यंत लागला. शिक्षण सर्वांसाठी असेल तर ते या मुलांनाही मिळाले पाहिजे, आणि पुरेसा निधी नाही ही सबब केवळ याच मुलांच्या वाट्याला येता कामा नये, असे तत्त्व त्यातून पुढे आले.

यानंतर २९ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी 'सर्व अपंग मुलांसाठी शिक्षण' या कायद्यावर स्वाक्षरी केली. देशात ८० लाखांहून अधिक दिव्यांग मुले आहेत, त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना योग्य शिक्षण मिळत नाही आणि सुमारे १० लाख मुले शाळेच्या पूर्णपणे बाहेर आहेत, असे या कायद्याच्या मजकुरातच नमूद आहे. स्वाक्षरी करतानाच फोर्ड यांनी एक शंकाही नोंदविली होती. हा कायदा केंद्र सरकारला पुरे करता येणार नाही एवढे आश्वासन देतो, असे त्यांचे म्हणणे होते. पैशाच्या बाबतीत ही शंका अक्षरशः खरी ठरली. त्याविषयी पुढे येईल. १९९० मध्ये या कायद्याचे नाव बदलून 'अक्षमता असलेल्या व्यक्तींचे शिक्षण' असे झाले. १९९७ व २००४ मध्ये त्यात महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. ३ ते २१ वर्षे वयोगटातील पात्र मुलास विनामूल्य व योग्य सार्वजनिक शिक्षण देणे हा कायद्याचा गाभा होय. हे शिक्षण प्रत्येक मुलाच्या बाबतीत प्रत्यक्षात काय असेल हे ज्या कागदावर ठरते, तो कागद म्हणजे वैयक्तिक शिक्षण आराखडा. २०२२-२३ या शैक्षणिक वर्षात या कायद्याखाली सेवा घेणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या सुमारे ७५ लाख होती, म्हणजेच सार्वजनिक शाळांतील एकूण विद्यार्थ्यांच्या सुमारे १५ टक्के.

आराखड्यात काय लिहावयाचे असते :

कायद्यानुसार आराखड्याचा आरंभ मुलाच्या 'सद्यस्थिती'पासून होतो. मूल आज काय करू शकते, काय करू शकत नाही आणि त्याच्या अक्षमतेमुळे सर्वसाधारण अभ्यासक्रमातील त्याच्या सहभागावर कोणता परिणाम होतो, हे प्रथम लिहावे लागते. त्यापुढे वर्षभराची मोजता येण्याजोगी उद्दिष्टे, प्रगती कशी मोजली जाईल व पालकांना केव्हा कळविली जाईल याची नोंद, दिल्या जाणाऱ्या विशेष अध्यापनाचे व पूरक सेवांचे वर्णन, मूल ज्या प्रमाणात इतर मुलांपासून वेगळे बसविले जाणार असेल त्याचे स्पष्टीकरण आणि परीक्षांमधील सवलती येतात. प्रत्येक सेवेपुढे ती केव्हा सुरू होणार, किती वेळा, किती वेळ आणि कोठे दिली जाणार हे लिहिणे बंधनकारक आहे. 'वाचाउपचार दिला जाईल' असे लिहून चालत नाही. 'आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी ३० मिनिटे, साधन कक्षात' असे लिहावे लागते. मूल १६ वर्षांचे होईल त्या सुमारास शाळेनंतरच्या जीवनाची, म्हणजे पुढील शिक्षण, रोजगार व स्वतंत्र राहणीमान यांची उद्दिष्टेही त्यात समाविष्ट होतात.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. स्पष्टीकरण मागितले जाते ते मुलास वेगळे काढण्याबद्दल, सर्वांसोबत ठेवण्याबद्दल नव्हे. सर्वसाधारण वर्ग हे गृहीत धरलेले स्थान आहे आणि त्यापासून दूर नेणाऱ्याने कारण द्यावयाचे आहे. आपल्याकडील शाळांमध्ये अनेकदा याच्या उलट घडते. मुलास वर्गात ठेवावे यासाठी पालकांनाच कारणे द्यावी लागतात.

आराखडा एकट्या विशेष शिक्षकाने लिहावयाचा नसतो. पालक, किमान एक सर्वसाधारण वर्गशिक्षक, विशेष शिक्षक, साधनसामग्री मंजूर करण्याचा अधिकार असलेला शाळा प्रशासनाचा प्रतिनिधी, चाचण्यांच्या निष्कर्षांचा शैक्षणिक अर्थ सांगू शकणारी व्यक्ती आणि शक्य तेथे स्वतः विद्यार्थी, अशा गटाने तो बैठकीत ठरवावयाचा असतो. प्रशासनाचा प्रतिनिधी बैठकीत असण्याचे प्रयोजन व्यावहारिक आहे. 'वरून विचारून सांगतो' हे उत्तर बैठकीत देता येऊ नये, हा त्यामागील हेतू होय. पात्रता निश्चित झाल्यापासून ३० दिवसांत आराखड्याची बैठक घ्यावी लागते, वर्षातून किमान एकदा त्याचा फेरविचार होतो आणि साधारणतः दर तीन वर्षांनी मुलाचे पुनर्मूल्यमापन होते. पालकांच्या लेखी संमतीवाचून पहिल्यांदा सेवा सुरू करता येत नाहीत. मतभेद झाल्यास पालक मध्यस्थी किंवा रीतसर सुनावणी मागू शकतात आणि वाद मिटेपर्यंत मूल सर्वसाधारणपणे आहे त्याच वर्गात, आहे त्याच सेवांसह राहते.

उद्दिष्टाचे एक वाक्य :

संपूर्ण आराखड्यात सर्वांत कठीण भाग कोणता, असे विचारल्यास त्याचे उत्तर सद्यस्थिती व उद्दिष्ट यांना जोडणारी दोन वाक्ये असे द्यावे लागेल. उर्वरित रकाने प्रशासकीय आहेत. ही दोन वाक्ये शैक्षणिक आहेत. छात्राध्यापकांच्या सरावासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. इयत्ता तिसरीतील एक मुलगा मराठी वाचनात मागे आहे. 'वाचन कच्चे आहे' अशी सद्यस्थिती आणि 'वाचनकौशल्य विकसित होईल' असे उद्दिष्ट लिहिल्यास वर्षअखेरीस शिक्षक, पालक व अधिकारी या तिघांना तीन वेगवेगळी उत्तरे देता येतील आणि तिन्ही खरी वाटतील.

याऐवजी असे लिहिता येईल : हा मुलगा बाराखडीतील शब्द वाचतो; 'कमळ', 'पाटी', 'गुलाब' यांसारख्या २० शब्दांपैकी १८ अचूक वाचतो; परंतु जोडाक्षर आले की थांबतो आणि 'र' जोडलेल्या २० शब्दांपैकी केवळ ४ अचूक वाचतो. यावरून उद्दिष्ट आपोआप आकार घेते. वर्षअखेरीस पूर्वी न वाचलेल्या उताऱ्यातील, 'र' जोडलेल्या २० शब्दांपैकी १६ शब्द तो सलग तीन चाचण्यांत, मदतीशिवाय, अचूक वाचेल. आता काय शिकवावयाचे, हे शिक्षकास शोधत बसावे लागत नाही.

या उदाहरणात 'र' निवडण्यामागे कारण आहे. देवनागरीत 'र' हे व्यंजन जोडाक्षरात चार रूपे घेते : 'सूर्य' मधील रफार, 'चक्र' मधील तिरपी रेघ, 'ट्रक' मधील अक्षराखालची खूण आणि 'सुऱ्या' मधील मराठीचे खास अर्धे रूप. त्यातही रफार उच्चारात आधी येतो आणि लेखनात पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. ऱ्हस्व इकाराची वेलांटी याच्या उलट, व्यंजनाच्या आधी लिहिली जाते व नंतर उच्चारली जाते. वाचनअक्षमता असलेल्या मुलास हा दृश्यक्रम व ध्वनिक्रम यांतील फरक विशेष जड जाऊ शकतो. इंग्रजीतून तयार झालेल्या आराखड्यांचे नमुने वाचनगती, स्वरसमूह, न उच्चारली जाणारी अक्षरे अशा इंग्रजी लिपीच्या अडचणींवर बेतलेले असतात. त्यांचे शब्दशः भाषांतर करून मराठी माध्यमाच्या मुलासाठी उद्दिष्टे लिहिणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा शिवून देण्यासारखे आहे. मराठी वाचनाच्या टप्प्यांची, चुकांच्या प्रकारांसह केलेली, शिक्षकाला हाताशी ठेवता येईल अशी सूची हे मराठी विभाग व शिक्षणशास्त्र विभाग यांनी मिळून हाती घेण्याजोगे काम आहे.

पूर्वी अमेरिकेत वार्षिक उद्दिष्टाखाली अल्पकालीन टप्पेही लिहावे लागत. २००४ च्या दुरुस्तीने कागदोपत्री काम कमी करण्याच्या हेतूने ती अट बहुसंख्य मुलांसाठी काढून टाकली. पर्यायी निकषांवर आधारित परीक्षा देणाऱ्या मुलांपुरती ती कायम राहिली. कायद्याच्या दृष्टीने ही सुटसुटीतता असली तरी नवख्या शिक्षकाच्या दृष्टीने ती गैरसोयच म्हणावी लागेल, कारण टप्पे लिहिताना अध्यापनाचा क्रम मनात स्पष्ट होतो.

'योग्य' म्हणजे किती ? :

कायद्याने 'योग्य' शिक्षण देण्याचे आश्वासन दिले, परंतु 'योग्य' म्हणजे किती हे सांगितले नाही. हा प्रश्न प्रथम एमी रौली या मुलीच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यूयॉर्क राज्यातील पीकस्किल येथील शाळेत शिकणारी एमी कर्णबधिर होती. तिचे आईवडीलही कर्णबधिर होते. ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखण्यात ती तरबेज होती. पहिलीच्या वर्षासाठी शाळेने तिला एफ.एम. श्रवणयंत्र, रोज एक तास विशेष शिक्षकाची शिकवणी आणि आठवड्यातून तीन तास वाचाउपचार देण्याचे आराखड्यात लिहिले. पालकांची मागणी आणखी एका गोष्टीची होती : सर्व शालेय विषयांच्या तासांना सांकेतिक भाषेचा दुभाषी. एमी वरच्या वर्गात जात होती आणि तिचे गुणही सरासरीपेक्षा चांगले होते, म्हणून शाळेने ती मागणी नाकारली. वर्गात बोलल्या जाणाऱ्या मजकुराचा बराच भाग तिच्यापर्यंत पोहोचत नाही, तो पोहोचला असता तर ती कोठे पोहोचली असती, असा पालकांचा प्रश्न होता.

जून १९८२ मध्ये न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांनी लिहिलेल्या निर्णयाचा आशय असा की, कायद्याने मुलाच्या क्षमतेच्या परमावधीपर्यंतच्या विकासाची हमी दिलेली नाही; आराखडा मुलास शैक्षणिक लाभ मिळावा अशा रीतीने वाजवीपणे आखलेला असला म्हणजे पुरे. कायद्याने शाळेचे दार उघडले आहे, आत गेल्यावर किती शिकावयाचे याची हमी दिलेली नाही, असा त्याचा सूर होता. एमी रौली पुढे स्वतः अमेरिकन सांकेतिक भाषेच्या प्राध्यापक झाल्या. ही गोष्ट शाळेचे म्हणणे सिद्ध करते की पालकांचे, याचे उत्तर वाचणारा कोणत्या बाजूने पाहतो यावर अवलंबून राहील.

यानंतरच्या तीन दशकांत 'शैक्षणिक लाभ' या शब्दांचा अर्थ निरनिराळ्या प्रांतांतील अपील न्यायालयांनी निरनिराळा लावला. काहींनी 'अर्थपूर्ण लाभ' मागितला, तर काहींना शून्यापेक्षा किंचित अधिक प्रगती पुरेशी वाटली. या दुसऱ्या मताची कसोटी कोलोरॅडो राज्यातील एन्ड्र्यू एफ. याच्या खटल्यात लागली. दोन वर्षांचा असताना त्याच्या स्वमग्नतेचे निदान झाले होते. चौथीपर्यंत तो डग्लस परगण्यातील सार्वजनिक शाळेत होता. त्याला माशांची, काही सांडण्याची, सार्वजनिक स्वच्छतागृहाची तीव्र भीती वाटे. तो किंचाळे, वर्गातून पळून जाई. त्याच्या आराखड्यांत मात्र वर्षामागून वर्षे बहुतांशी तीच उद्दिष्टे उतरविलेली होती. पाचवीसाठीचा आराखडाही पूर्वीसारखाच पाहून २०१० मध्ये पालकांनी त्यास खासगी विशेष शाळेत घातले. तेथे वर्तनासाठी स्वतंत्र आराखडा तयार झाला, उद्दिष्टांची पातळी वाढविण्यात आली आणि काही महिन्यांतच त्याच्यात लक्षणीय सुधारणा दिसली. पालकांनी शुल्काची भरपाई मागितली. अपील न्यायालयाने ती नाकारली, कारण सार्वजनिक शाळेतही त्याची नाममात्र का होईना प्रगती होत होती.

२२ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा निकाल फिरविला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्या निर्णयानुसार आराखडा हा त्या मुलाच्या परिस्थितीचा विचार करता त्यास योग्य अशी प्रगती साधता येईल असा असावा लागतो. सर्वसाधारण वर्गातील बहुतेक मुलांच्या बाबतीत ही प्रगती म्हणजे इयत्तेगणिक पुढे जाणे. ज्यांना ते शक्य नाही त्यांच्यासाठीही उद्दिष्टे त्यांच्या परीने महत्त्वाकांक्षी हवीत. वर्षानुवर्षे नाममात्र प्रगती करीत राहणाऱ्या मुलास शिक्षण मिळाले असे म्हणता येणार नाही. योगायोग असा की, नाममात्र प्रगती पुरेशी मानणारा शब्दप्रयोग ज्यांनी २००८ मध्ये अपील न्यायालयातील एका निकालात वापरला होता ते न्यायमूर्ती गोर्सच त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयातील आपल्या नियुक्तीसंबंधी सिनेट समितीच्या प्रश्नांना उत्तरे देत होते, आणि त्यांना या निकालाबद्दल तेथेच विचारण्यात आले. पुढे २०१८ मध्ये जिल्हा न्यायालयाने नव्या कसोटीनुसार पालकांच्या बाजूने निर्णय दिला.

अध्यापकांच्या दृष्टीने या खटल्यातील सर्वांत बोलका पुरावा कायदेशीर नव्हे, तर शैक्षणिक होता : गेल्या वर्षीचा व यंदाचा आराखडा शेजारी ठेवल्यावर दिसणारे साम्य. यासाठी वकील लागत नाही. कोणत्याही शाळेत, कोणत्याही मुलाच्या दोन वर्षांच्या नोंदी समोर ठेवून मुख्याध्यापकास ही तपासणी करता येते.

कागद आणि वर्ग :

अमेरिकी व्यवस्थेचा हा आलेख पाहून तिचे अनुकरण करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु तिच्या मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. केंद्र सरकार प्रतिविद्यार्थी सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत वाटा उचलेल असे उद्दिष्ट १९७५ मध्ये ठरले होते. तो पूर्ण वाटा आजवर कधीही मिळालेला नाही; अलीकडच्या वर्षांत तो १५ टक्क्यांच्याही खाली राहिला आहे. उर्वरित भार राज्ये व स्थानिक शाळा मंडळांवर पडतो. सेवा लिहिल्या की त्या द्याव्याच लागतात, म्हणून त्या लिहिल्याच जाऊ नयेत असा दबाव यातून निर्माण होतो.

टेक्सास राज्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील शिक्षण विभागाने २००४ पासून शाळा मंडळांच्या तपासणीत एक निर्देशांक वापरला. विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलांचे प्रमाण ८.५ टक्क्यांहून अधिक असल्यास त्या मंडळाचे गुण कमी होत. आदेश कोणी दिला नव्हता, फक्त आकडा ठेवला होता. राज्यातील हे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांवरून घसरत २०१५ च्या सुमारास ८.५ टक्क्यांवर येऊन थांबले. 'ह्यूस्टन क्रॉनिकल' या दैनिकाने २०१६ मध्ये हे उघडकीस आणले, २०१७ मध्ये हा निर्देशांक रद्द झाला आणि जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय शिक्षण विभागाने राज्याने कायद्याचा भंग केल्याचा निष्कर्ष जाहीर केला. मधल्या काळात ज्या मुलांचे आराखडे झालेच नाहीत, त्यांची शालेय वर्षे परत येणारी नव्हती.

दुसरी मर्यादा पालकांच्या बाजूची आहे. सुनावणीत आराखडा अयोग्य आहे हे सिद्ध करण्याचा भार सामान्यतः तक्रार करणाऱ्यावर असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ठरविले. जिंकलेल्या पालकांनाही तज्ज्ञांचे शुल्क परत मिळणार नाही असे २००६ मध्ये ठरविले. कायद्याने हक्क सर्वांना समान दिला असला तरी तो बजावण्यासाठी लागणारा पैसा, वेळ आणि इंग्रजीवरील प्रभुत्व सर्वांकडे समान नसते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही बैठकीच्या टेबलापाशी ही दरी जाणवू शकते. शिक्षकांसमोर मतभेद व्यक्त करणे हा आपल्याकडे उद्धटपणा समजला जातो. तेथे पालकांचे मौन ही संमती समजली जाण्याचा धोका असतो.

भारतातील स्थिती :

भारतात या विषयाचा आरंभ उशिरा झाला असे नाही. अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची केंद्र पुरस्कृत योजना १९७४ मध्ये, म्हणजे अमेरिकी कायद्याच्या एक वर्ष आधी सुरू झाली. फरक असा की, आपल्याकडे योजना आली आणि तेथे हक्क आला. हक्काच्या दिशेने पावले १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा, २००७ मध्ये भारताने मान्य केलेला संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार, २००९ चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा आणि २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा अशी क्रमाने पडत गेली.

२०१६ च्या कायद्यातील सोळावे कलम या संदर्भात बारकाईने वाचण्याजोगे आहे. शासकीय, अनुदानित व मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांनी दिव्यांग मुलांना भेदभावाशिवाय प्रवेश द्यावा, व्यक्तीच्या गरजेनुसार वाजवी सोयी कराव्यात, शैक्षणिक व सामाजिक विकास जास्तीत जास्त होईल अशा वातावरणात वैयक्तिक किंवा अन्य प्रकारे आवश्यक साहाय्य द्यावे, विशिष्ट अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून उपाय योजावेत आणि प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग व संपादणूक यांवर देखरेख ठेवावी, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे आराखड्यातील जवळजवळ प्रत्येक रकान्याचे कर्तव्य येथे उपस्थित आहे. अनुपस्थित आहे तो रकाना भरावयाचा कागद, त्यावर पालकांची स्वाक्षरी आणि कागदाबरहुकूम सेवा न मिळाल्यास दाद मागण्याची सुटसुटीत वाट. 'वैयक्तिक किंवा अन्य प्रकारे' या शब्दांतील 'किंवा' बराच भार वाहतो. शिक्षण हक्क कायद्याच्या चोविसाव्या कलमानेही प्रत्येक बालकाची अध्ययनक्षमता जाणून त्यानुसार आवश्यक ते अधिकचे अध्यापन करणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरविले आहे. लेखी नोंदीची सक्ती तेथेही नाही. २०१८ पासून समग्र शिक्षा अभियानाखाली समावेशित शिक्षणाचा घटक चालविला जातो व विशेष शिक्षकांकडून वैयक्तिक आराखडे अपेक्षित आहेत, परंतु योजनेतील अपेक्षा आणि कायद्याने बंधनकारक केलेला दस्तऐवज यांत अंतर राहतेच.

हे अंतर मनुष्यबळाशीही निगडित आहे. रजनीशकुमार पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वसाधारण शाळांतील विशेष शिक्षकांच्या पदांबाबत निर्देश दिले. त्यानंतर २०२२ मध्ये शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्राथमिक स्तरावर अशा १० विद्यार्थ्यांमागे व उच्च प्राथमिक स्तरावर १५ विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण आले. पदे मंजूर करून भरण्याविषयी राज्यांना २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले. एका विशेष शिक्षकाकडे अनेक गावांतील शाळा असतील, तर त्याने लिहिलेला आराखडा प्रत्यक्षात वर्गशिक्षकालाच राबवावा लागतो. वर्गशिक्षकास बैठकीतच न बोलावता तो लिहिला गेला, तर तो कपाटात राहतो.

महाराष्ट्राच्या बाबतीत आणखी एक निरीक्षण नोंदविणे आवश्यक आहे. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना राज्य मंडळाच्या परीक्षांत अधिक वेळ, लेखनिक, काही विषयांत गणकयंत्र अशा सवलती मिळतात. त्यासाठी मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या मान्यताप्राप्त केंद्रांतून प्रमाणपत्र घ्यावे लागते. या सवलतींनी अनेक मुलांचे शालान्त प्रमाणपत्र वाचविले आहे, हे निर्विवाद. परंतु त्यांच्यामुळे पालक व शाळा या दोघांचे लक्ष दहावीच्या परीक्षेवर केंद्रित होते आणि प्रमाणपत्राची धावपळ बहुधा आठवी-नववीत सुरू होते. सवलत परीक्षेतील अडथळा कमी करते. वाचायला शिकवत नाही. तिसरीत ओळखता आली असती ती अडचण नववीत प्रमाणित करणे, ही व्यवस्थेने स्वतःला दिलेली सवलत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२ मध्ये आणलेली 'प्रशस्त' ही पडताळणी सूची लवकर ओळखण्याच्या दृष्टीने उपयुक्त आहे. मात्र ओळख पटल्यानंतरचा कागद कोणता, हा प्रश्न ती सोडवत नाही.

महाविद्यालयाच्या दारात :

अमेरिकेत वैयक्तिक शिक्षण आराखडा शालेय शिक्षण पूर्ण होताच संपतो. महाविद्यालयात तो लागू होत नाही. तेथे १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचे कलम ५०४ आणि १९९० चा अमेरिकन दिव्यांग कायदा लागू असतो. त्यांनुसार सोयी मिळतात, परंतु विद्यार्थ्याने स्वतः पुढे येऊन आपली गरज सांगावी लागते. म्हणूनच २००४ च्या दुरुस्तीने शाळेवर एक शेवटचे काम सोपविले : शाळा सोडताना विद्यार्थ्याच्या संपादणुकीचा सारांश आणि पुढे कोणते साहाय्य उपयोगी पडेल याच्या शिफारशी त्याच्या हाती देणे.

आपल्याकडे २०१६ च्या कायद्याच्या बत्तिसाव्या कलमानुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत लाक्षणिक दिव्यांगता असलेल्या व्यक्तींसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. या जागेवर प्रवेश घेणारा विद्यार्थी महाविद्यालयात जे प्रमाणपत्र आणतो, त्यावर दिव्यांगतेचा प्रकार आणि टक्केवारी असते. ४५ टक्के अल्पदृष्टी असलेल्या विद्यार्थिनीस फळ्यावरील अक्षर किती मोठे हवे, ती ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकून टिपणे काढते की मोठ्या टंकातील छापील मजकूर वाचते, तिला प्रयोगशाळेत सोबती लागतो किंवा कसे, यांपैकी काहीही त्या आकड्यावरून समजत नाही. दहा-बारा वर्षे तिच्या शिक्षकांनी जे अनुभवाने ओळखले, ते प्राथमिक शाळेतून माध्यमिक शाळेत जाताना एकदा आणि कनिष्ठ महाविद्यालयातून पदवीच्या वर्गात येताना पुन्हा एकदा पुसले जाते. प्रवेश अर्जासोबत एका पानाचा असा सारांश कनिष्ठ महाविद्यालयाकडून विद्यार्थ्याच्या संमतीने मागविण्यास कोणत्याही कायद्याची वा परिपत्रकाची आडकाठी नाही. महाविद्यालयातील दिव्यांग कक्षाने तो विषय-अध्यापकांपर्यंत सत्राच्या पहिल्या आठवड्यात पोहोचवावयाचा आणि पहिल्या अंतर्गत परीक्षेनंतर विद्यार्थ्यासमवेत पुन्हा पाहावयाचा, एवढीच कार्यपद्धती त्यासाठी पुरेशी आहे.